‘गोयी खाल्ली तं लेकरू होईन ना?’

कापूस वेचणीचे दिवस होते. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या ग्रामीण रुग्णालयात बारावीतली एक मुलगी आईसोबत आली. पोटदुखीनं पाळीचे पहिले दोन दिवस तिचं कॉलेज बुडायचं. तिनं तोंड उघडायच्या आत आईच म्हणाली, ‘‘मॅडम, हे पोट्टी चोरून गोया खाते. पुढं लेकरू होईन ना इले?’’

हा प्रश्न मला नवा नाही. पाळीत दोन-तीन दिवस घेतलेल्या दुखणं थांबवणाऱ्या गोळीनं पुढं मूल व्हायला अडचण येत नाही, सवयही लागत नाही. पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होतं, त्यानं गर्भाशय आवळतं, कळा येतात. आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड या गोळ्या ते तयार होणंच कमी करतात. म्हणून गोळी सुरुवातीलाच घ्यायची.

ही कधी घेत होती? ‘‘अगदी सहनच नाही झालं की. आई वावरात गेल्यावर.’’ तेही उपाशीपोटी! मग उलटी व्हायची, त्यात गोळीही पडायची.

दमा, अल्सर, किडनीचा त्रास नाही ना, हे डॉक्टरांनी पाहिलं. आपल्याकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे आणि त्याचं दुखणं पाळीतही उसळू शकतं, म्हणून तीही तपासणी केली, निगेटिव्ह आली. पाळी सुरू होताच जेवून, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मात्रेत गोळी घ्यायची, असं ठरलं. शेकायला पिशवी नव्हती. गरम पाण्याची घट्ट झाकणाची बाटली फडक्यात गुंडाळूनही काम भागतं.

दोन महिन्यांनी दोघी पुन्हा आल्या. कॉलेज एकच दिवस बुडालं होतं. निघताना आई दारात घुटमळली. ‘‘मॅडम, माहं बी पोट लय दुखते. हेच गोयी घेऊ का?’’

वय चाळिशीपुढचं. दुखणं दोनच वर्षांचं, पण महिन्यागणिक वाढणारं, पाळीत रक्त जाणंही जास्त. कळा वेचत्या हातांनीच सोसत होती. वयात येताना सुरू झालेलं दुखणं वेगळं, या वयात नव्यानं सुरू झालेलं वेगळं. ‘‘नाही काकू,’’ मी म्हटलं, ‘‘तुम्हाला आधी डॉक्टरांना दाखवावं लागेल. सोनोग्राफीही लागेल.’’

‘‘वेचणी झाली का येतो मंग.’’

लेक तोवर केसपेपरच्या रांगेत जाऊन उभी राहिली होती.