मॅन्टलच्या आधी पाफ्को

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

सुट्टीत काम करून जमवलेल्या पैशांतून मोठ्या नावाच्या खेळाडूचं एकच जुनं बेसबॉल कार्ड घेऊ का, असं तू विचारलंस. माझं मत: नको. पैसे बुडतील म्हणून नव्हे. मोठं नाव तुला आधीच माहीत आहे, म्हणून.

टॉप्स कंपनीने च्युइंगगमच्या पुडीतून विकलेल्या कार्डांच्या १९५२ च्या संचाचंच बघ. जो तो ३११ नंबरच्या मिकी मॅन्टलबद्दल बोलतो. त्याची एक उत्तम प्रत २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेली. ते त्याचं पहिलं कार्डसुद्धा नाही. पहिलं १९५१ चं, बोमन कंपनीचं. पण १९५२ च्या संचातले ३११ पासून पुढचे नंबर दुकानात उशिरा आले, तोवर हंगाम सरत आला होता आणि पोरांचा ओढा अमेरिकन फुटबॉलकडे होता. न खपलेली खोकी १९६० मध्ये अटलांटिकमध्ये नेऊन बुडवली, असं टॉप्सचे साय बर्गर पुढे सांगत असत.

आता त्याच संचातलं १ नंबरचं कार्ड बघ: अँडी पाफ्को. पोरं कार्डं नंबरवार लावून वर रबरबँड चढवायची, त्यामुळे सगळ्यात वरचा पाफ्को हमखास खराब व्हायचा. म्हणून त्याची चांगली प्रत भलतीच महाग. पण हा होता कोण? ३ ऑक्टोबर १९५१ ला न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर बॉबी थॉमसनने शेवटच्या डावात होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका) मारून जायंट्स संघाला पेनंट, म्हणजे लीगचं विजेतेपद, मिळवून दिलं. तेव्हा हरलेल्या ब्रुकलिन डॉजर्सच्या डाव्या क्षेत्रात, भिंतीपाशी, चेंडू डोक्यावरून जाताना बघत उभा राहिलेला माणूस म्हणजे पाफ्को. थॉमसन सगळ्यांना आठवतो. पाफ्कोची, तो पुढे मिलवॉकी ब्रेव्ह्ज संघात होता त्या काळातली, थोडी मळलेली कार्डं तुझ्या खिशाला सहज झेपतील. सुरुवात तिथून कर.

अशा कार्डांना संग्राहक ‘कॉमन्स’ म्हणतात आणि शोमध्ये, म्हणजे कार्डांच्या जत्रेत, ती खोक्यांत ढिगाने पडलेली असतात. एक उचल, मागची बाजू वाच. जन्मगाव, उंची, गेल्या वर्षाचे आकडे, एखादं व्यंगचित्र. मग घरी येऊन त्या माणसाचं पुढे काय झालं ते शोध. बेसबॉलच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या साबर या संस्थेने खेळाडूंची हजारो चरित्रं फुकट वाचायला ठेवली आहेत.

कार्डावरच्या चुकाही बघ. १९५७ च्या टॉप्समध्ये निगेटिव्ह उलटी छापल्यामुळे हँक एरन डावखुरा दिसतो. ही चूक हसण्यावारी नेता येते. रॉबर्टो क्लेमेंटेची नाही. १९५५ च्या पहिल्या कार्डावर तो रॉबर्टो आहे. १९५७ पासून १९६९ पर्यंत टॉप्सने पोर्तो रिकोच्या या खेळाडूला इंग्रजी वळणाचा ‘बॉब’ करून टाकलं. त्याला ते आवडत नसे. (शाळेत तुझ्या नावाचं काय केलं होतं, आठवतंय ना?) बरोबर ३००० हिट्स (यशस्वी फटके) करून हा माणूस ३१ डिसेंबर १९७२ ला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघाला आणि विमान समुद्रात कोसळलं.

आणि ज्यांची कार्डं निघालीच नाहीत, त्यांचं काय? जॉश गिब्सन निग्रो लीग्जमध्ये, म्हणजे मेजर लीगची दारं बंद असलेल्या काळ्या खेळाडूंच्या वेगळ्या स्पर्धांत, खेळला आणि जानेवारी १९४७ मध्ये गेला. त्यानंतर तीनच महिन्यांनी जॅकी रॉबिन्सन हा काळा खेळाडू ब्रुकलिनकडून मेजर लीगच्या मैदानात उतरला आणि ती दारं उघडली. २०२४ मध्ये निग्रो लीग्जचे आकडे मेजर लीगच्या नोंदींत धरले गेले आणि फलंदाजीच्या .३७२ च्या सरासरीने गिब्सन तोवर अव्वल असलेल्या टाय कॉबच्याही वर गेला. तो खेळत असताना च्युइंगगमच्या पुडीत त्याचं चित्र कुठल्याच पोराला मिळालं नाही. सॅचेल पेजला उतारवयात मेजर लीग मिळाली, म्हणून त्याची कार्डं आहेत. १९५३ च्या टॉप्सवर त्याच्या नावाचं स्पेलिंगही चुकलंय. माझ्या अल्बममध्ये पेजच्या शेजारचा एक कप्पा गिब्सनसाठी रिकामा आहे. नंतर छापलेलं कार्ड मी मुद्दाम घातलं नाही.

व्यवहाराचं थोडक्यात. साधं पीव्हीसीचं पाकीट वापरू नकोस, कालांतराने ते कार्डाला चिकटतं. कडा फार सरळ, फार तीक्ष्ण दिसल्या तर कार्ड कापलेलं असू शकतं. त्याच संचातल्या दुसऱ्या कार्डावर ठेवून मोजून बघ. दुसऱ्या महायुद्धाआधीचं म्हणून विकलेलं कार्ड काळ्या (अतिनील) दिव्याखाली निळसर चमकलं, तर कागद बहुतेक अलीकडचा. चमकलं नाही म्हणजे अस्सल, असं मात्र नाही. ग्रेडिंगचा, म्हणजे कार्डाची स्थिती तपासून दर्जा ठरवून घेण्याचा, खर्च कॉमन्सवर करू नकोस.

पुढच्या शोला ये, दिवा मी आणतो. पाफ्को तू शोध.

तुझा,
काका