वडिलांसाठी एकाच मोबाईल कंपनीला बांधलेला फोन घ्यावा की फोन वेगळा आणि सिम वेगळं?

वेगळा घ्या.

तुमचा दुकानदार म्हणतो की कंपनीचाच कीपॅडवाला घ्या, हजारात काम होतं, वेगळ्याच्या नादी लागलात तर महाग पडेल, आणि म्हाताऱ्या माणसाला काय कळतं त्यातलं. हे शेवटचं वाक्य त्याचं की तुमचं, ते प्रश्नावरून समजलं नाही. पण त्याच वाक्यासाठी लिहायला बसलोय. 2005 च्या दिवाळीत आमच्या ओसरीवर याच अर्थाचं बोलणं झालं होतं आणि बोलणारे आमचे भाटवे, म्हणजे ताईचे यजमान होते.

आमचं गाव दारव्हा तालुक्यात, शकुंतला रेल्वेच्या रुळाला लागून. ताईच्या लग्नानंतरची ती पहिलीच दिवाळी. जावयानं पिशवीतून मिठाईच्या डब्याआधी फॉर्म काढला. तालुक्याला त्यांच्या मित्रानं एका मोबाईल कंपनीची एजन्सी घेतली होती. सीडीएमए तंत्राच्या फोनांचा जमाना होता, नंबर फोनमध्येच भरलेला यायचा. "बाबा, फोन फुकटच समजा. बिलात थोडं थोडं कटते." बाबांनी चष्मा लावून फॉर्म उलटापालटा केला. सगळा इंग्रजीत. "मी हावो नं, तुमाले काय कराचं वाचून?" पहिल्या दिवाळसणाला आलेल्या जवाईबुवाला नाही कोण म्हणणार?

फुकट फोनसाठी पुढच्या तारखांचे 24 चेक द्यायचे होते. बाबांकडे चेकबुकच नव्हतं, बँकेत अर्ज करून ते आणलं. बाबांची सही म्हणजे पूर्ण नाव, आजोबांच्या नावासकट, एकेक अक्षर कोरून. जेवण आटोपून बसले ते गाई घरी येईपर्यंत सह्याच चालल्या होत्या. अंगठ्याला पेनाचा घट्टा पडला. भाटवे शेजारी बसून पानं उलटून देत होते, तेवढी मदत मात्र केली.

गावात रेंज नव्हती. रुळाच्या भरावावर चढलं की दोन काड्या यायच्या. गाडी आली की खाली उतरायचं, गेली की परत वर. तरी बाबा खुश होते. वावरातल्या मोटारीच्या खोलीच्या दारावर त्यांनी हिरव्या ऑइलपेंटनं नंबर लिहून घेतला. अडत्याला, कृषी केंद्रवाल्याला, सगळ्या सोयऱ्यांना तोच दिला. खोटं कशाला बोलू, एकदा कापसाची गाडी भरून उभी असताना बाबांनी भरावावरून फोन लावला, कारंज्याचा भाव दारव्ह्यापेक्षा चढा निघाला आणि गाडी तिकडे वळवली. ही गोष्ट भाटवे आजही सांगतात. पुढची नाही सांगत.

2007 मध्ये गावातच दुसऱ्या कंपनीचा टॉवर उभा राहिला, शाळेच्या मागे. ओसरीवर बसून चार काड्या. मी सिम घेऊन आलो, फोनचं झाकण काढलं, बॅटरी काढली. सिमची खाचच नाही. आगपेटीच्या काडीनं मी कोपरे उचकून पाहत होतो, तेवढ्यात शेजारचा पोरगा म्हणाला, "भाऊ, याले सिम नाई राहत." बाबा बाजेवरून पाहत होते. त्यांनी एकच विचारलं, "मंग हा फोन आपला हाये का त्यायचा?"

याचं उत्तर मी त्यांना देऊ शकलो नाही. फोन कोनाड्यात गेला, पण चेक बँकेत जातच राहिले. जुलैत पेरणीनं खातं रिकामं झालं आणि एक चेक परत आला. त्याचा दंड बँकेनं वेगळा लावला, कंपनीनं वेगळा. वसुलीवाल्या माणसाचा फोन आला तो सरपंचाच्या घरी, कारण आमचा फोन तर घरात वाजतच नव्हता. जावयाला बाबा चकार शब्द बोलले नाहीत. पोळ्याला ते घरी आले तेव्हा मी बोललो, आणि चांगलाच बोललो. "करार म्हंजे करार रायते," हे त्यांचं उत्तर. ताईनं माझ्यापुढे पुरणपोळीचं ताट आदळलं.

नंबर गेला तो गेलाच. आहे तो नंबर ठेवून कंपनी बदलायची सोय आपल्याकडे देशभर 20 जानेवारी 2011 ला लागू झाली, तोवर आमचे हप्ते फिटून फोनचं लहान पोरांचं खेळणं झालं होतं. नवा नंबर बाबांनी त्याच दारावर जुन्याखाली लिहवला. जुना पुसू दिला नाही. "अडीच हजाराचा पेंट हाये तो," म्हणाले.

भाटव्यांचा दुसरा मुद्दा अमेरिकेचा. भाचा तिकडे गेल्यापासून हा मुद्दा फारच वाढला आहे. म्हणे तिथे सगळे कराराचेच फोन घेतात. घेत होते. 2007 चा पहिला आयफोनसुद्धा तिथे एटी अँड टी या एकाच कंपनीवर चालायचा आणि दोन वर्षांचा करार करावा लागायचा. पण 2013 मध्ये टी-मोबाईलनं असले करार सोडून दिले, आणि स्वतःचा फोन स्वतः अनलॉक करता यावा म्हणून 2014 मध्ये तिथे कायदा करावा लागला. भाऊजी, हे मी गेल्या पोळ्यालाही सांगितलं होतं. तुम्ही आंघोळीला उठून गेलात.

आता तुमच्या वडिलांचं. मुद्दा हजार-पाचशेचा नाहीच. कास्तकाराच्या हातात पैसा येतो तो सोयाबीनचा आणि मग कापसाचा, बाकीचे महिने उधारीवर. त्याला दर महिन्याच्या तारखेला बांधलं की जुलैत फास बसणारच. मालाचा चुकारा हातात आला की फोन रोखीनं घ्या, रिचार्जचं काय ते नंतर पाहा. नुसतं बोलायचंच असेल तर ट्राय या सरकारी दूरसंचार नियामकाच्या डिसेंबर 2024 च्या नियमानंतर कंपन्यांना डेटा नसलेले, फक्त कॉल आणि एसएमएसचे प्लॅन ठेवावे लागतात, आणि अशा रिचार्जची मुदत 365 दिवसांपर्यंत असू शकते. वर्षाचा एकदाच मारा. दुकानदार हे आपणहून सांगणार नाही, मागा.

कोणती कंपनी, हे मी इथून सांगू शकत नाही. गावातल्या दोन-तीन जणांचे फोन मागून वडील जिथे बसतात तिथे, आणि वावरात विहिरीजवळ, फोन लावून पाहा. नाक्यावरच्या रेंजचा काही उपयोग नाही. दोन सिमचा फोन घेतला तर अर्धी चिंता मिटते. नंतर कंपनी बदलायची झाली तर 1900 वर इंग्रजीत PORT आणि पुढे नंबर लिहून एसएमएस पाठवायचा, आधीच्या कंपनीत 90 दिवस झालेले हवेत, आणि आलेला कोड चार दिवसच चालतो.

एक मात्र सांभाळा. जुना टूजी कीपॅडवाला स्वस्तात मिळतो म्हणून उचलू नका. जिओचं टूजी नाहीच, त्यामुळे त्यांचं सिम त्यात चालणार नाही, आणि मग तुम्ही मला शिव्या द्याल. फोरजी कीपॅडवाला घ्या. जुना हँडसेट घेत असाल तर इंग्रजीत KYM आणि पुढे त्याचा आयएमईआय, म्हणजे हँडसेटचा ओळख क्रमांक, लिहून 14422 वर एसएमएस करा, चोरीचा म्हणून बंद केलेला असला तर कळेल. फायनान्सवर तर घेऊच नका. हप्ता चुकला की स्क्रीन लॉक करणारं ॲप फोनमध्येच टाकून दिल्याचे प्रकार झालेत. म्हणजे आमचे 24 चेक, फक्त कागद नाही.

आता हेही कबूल करतो, की तुमच्या गावात जिओशिवाय दुसरा टॉवरच नसेल तर जिओ भारतसारखा फोन वाईट नाही. 2023 मध्ये तो 999 रुपयांना आला, 28 दिवसांचा 123 रुपयांचा प्लॅन होता, ना करार ना चेक. दुसऱ्या कंपनीचं सिम त्यात चालत नाही, तेवढं ठाऊक असून घेतलात तर फसवणूक नाही. मग माझं वरचं सगळं अर्धं सोडून द्या.

पण दुकानात वडिलांना सोबत न्या. फोन त्यांच्या हातात द्या, शेजारच्या गिऱ्हाइकाचं दुसऱ्या कंपनीचं सिम मागून त्यात घालायला लावा आणि त्यांनाच घरी फोन लावू द्या. नाही लागला तर का नाही लागला, ते दुकानदारानं त्यांना मराठीत सांगावं. तुम्हाला नाही, त्यांना.