संशोधन वाचायला शिकताना: गिधाडे आणि डायक्लोफेनॅक

मानवी औषधे आणि पशुआरोग्य यांचा एकत्रित अभ्यास तुम्ही सुरू करत आहात, तेव्हा माझी आग्रहाची सूचना अशी की पाकिस्तानातील गिधाडांच्या मृत्यूंवरचा २००४ सालचा शोधनिबंध सर्वांत आधी वाचावा. मूत्रपिंडे निकामी होऊन मेलेल्या सर्व २५ गिधाडांत डायक्लोफेनॅक हे माणसांना व गुरांना दिले जाणारे वेदनाशामक औषध सापडले आणि तो विकार नसलेल्या १३ पक्ष्यांत ते आढळले नाही. परंतु संशोधक एवढ्यावर थांबले नाहीत, तर औषध दिलेल्या जनावरांचे मांस बंदिस्त गिधाडांना खाऊ घालून तोच विकार उद्भवतो, हेही त्यांनी दाखवले. ही दुसरी पायरी प्रत्येक निबंधात शोधा. निष्कर्ष मागाहून वाचले तरी चालतील. भारताने २००६ मध्ये या औषधाचा पशुवैद्यकीय वापर थांबवला, पण माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यांपर्यंत पोहोचत राहिल्याने २०१५ मध्ये इंजेक्शनची कुपी ३ मिलिलिटरपुरती मर्यादित करावी लागली, आणि माझ्या मते या प्रकरणातील सर्वाधिक अभ्यासण्याजोगा भाग हाच आहे. पर्यायी औषध तपासताना त्याचा शरीरातील प्रवास आधी पाहा: मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित ठरले, उलट ॲसिक्लोफेनॅकचे गुरांच्या शरीरात डायक्लोफेनॅकमध्येच रूपांतर होते, आणि तरीही त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी येण्यास २०२३ साल उजाडले.