टाके भरले, तरी दुखतंच

खुर्चीत ती एका बाजूवर भार टाकून बसली. बाळ साडेचार महिन्यांचं, म्हणजे टाके भरून जुने झालेले. नवरा बाहेर बाळाला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होता.

"मॅडम, माझं नवऱ्यावरचं प्रेमच आटलंय का हो?"

तीन महिने माहेरी. शेकशेगडी, डिंकाचे लाडू, सगळं झालं. सासरी आल्यावर दोन-तीनदा दात आवळून संबंधांचा प्रयत्न केला. आग व्हायची, आत कोरडं ठाक. आता तो नुसता जवळ सरकला तरी अंग आखडतं. म्हणून ती बाळाला मध्ये झोपवते.

रडू येतं का, बाळाजवळ जीव रमतो का, हे मी आधी विचारून घेतलं. त्या बाजूने काळजीचं काही दिसलं नाही. मग विचारलं, बाळ अंगावर पितं? फक्त अंगावरच. पाळी? अजून नाही.

इथेच बरंचसं उत्तर होतं. पाजत असताना प्रोलॅक्टिन हे दूध तयार करणारं हार्मोन वाढलेलं असतं, इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन खाली गेलेलं. योनीमार्गाचं अस्तर पातळ होतं, ओलावा घटतो, इच्छाही मंदावते. पाळी जाताना बाईला होतं तसंच, फक्त हे तात्पुरतं. "मग पाजणं बंद करू?" मुळीच नको. पाण्याचा बेस असलेलं वंगण जेल औषधाच्या दुकानात मिळतं. घरचं खोबरेल पुष्कळ जणी सुचवतात, पण त्याने निरोध कमकुवत होऊन फाटू शकतो.

मात्र आधी तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. टाक्यांच्या जागी व्रण कडक झाला होता. ओटीपोटाच्या तळाच्या, योनीमार्गाभोवतीच्या स्नायूंसाठी फिजिओथेरपिस्ट गाठून दिली. यूट्यूबवर बघून ही रोज स्नायू आवळत होती, आणि तिला गरज होती ते सैल सोडायला शिकायची!

नवऱ्याला आत बोलावलं तेव्हा तो खाली बघत म्हणाला, "मला वाटलं, बाळ आलं, आता माझं काम संपलं." मला त्याची दयाच आली. दोघांचं ठरलं: सध्या संबंध नाहीत. पाठ चोळून देणं, कुशीत झोपणं चालेल, पण ते 'पुढच्या'साठी नाही. संध्याकाळचं पाजून झालं की बाळ दोन तास त्याच्याकडे.

जाता जाता गर्भनिरोधनाचं विचारलं, तर "पाळीच नाही, दिवस कसे राहतील?" बाळंतपणानंतर पहिल्या पाळीच्या आधीच बीज सुटू शकतं. अंगावर पाजण्याचा भरवसा धरायचा तर बाळ 6 महिन्यांच्या आतलं हवं, रात्रंदिवस फक्त अंगावर पिणारं हवं, आणि पाळी आलेली नको. तिन्ही एकदम. यांच्याकडे जेमतेम दीड महिना उरला होता.

दोन महिन्यांनी फोन आला. कॉपर-टी बसवून झाली होती. "अजून पूर्वीसारखं नाही," ती म्हणाली. "पण परवा दुखायला लागलं तेव्हा मी थांब म्हटलं. थांबला. मग उठून चहा केला आम्ही. रात्री दीडला."