ज्याला रूप नाही तो सुंदर कसा?

प्रिय मित्रा,

देव न्यायी आहे, सर्वसमर्थ आहे, हे तुला पटतं. पण ज्याला देहच नाही त्याला सुंदर का म्हणायचं, यावर तू अडला आहेस. अडलास ते बरं झालं. आपण बहुतेक जण हे विशेषण भजनाच्या ओघात म्हणून मोकळे होतो.

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं 27वं स्तोत्र पुन्हा वाच. शत्रूच्या सैन्यानं वेढा घातला तरी भिणार नाही, असं म्हणणारा हा माणूस देवाकडे एकच गोष्ट मागतो: आयुष्यभर त्याच्या घरात राहावं आणि त्याचं सौंदर्य पाहत राहावं. देव समर्थ म्हणून आपण त्याला भितो, दयाळू म्हणून त्याच्याकडे मागतो. सुंदर म्हटलं की तोच हवासा होतो, त्याच्याकडून काही मिळो न मिळो. प्राचीन ख्रिस्ती विचारवंत संत ऑगस्टीन ‘कन्फेशन्स’ या आपल्या आत्मकथनाच्या 10व्या भागात देवालाच सौंदर्य म्हणून हाक मारतो आणि हळहळतो, की सुंदर वस्तूंमागे धावताना त्या घडवणाऱ्यावर प्रेम करायला फार उशीर झाला.

थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने 13व्या शतकात सौंदर्याची लक्षणं सांगितली: पूर्णता, प्रमाणबद्धता आणि तेज. ती समजून घे, पण त्यांवर विसंबू नकोस. कारण बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात, 53व्या अध्यायातल्या देवाच्या सेवकाला ना रूप, ना शोभा. लोक त्याच्यापासून तोंड फिरवतात. त्याच सेवकात ख्रिस्ती माणूस येशूला पाहतो. इथे मात्र सांभाळ. दुःख सुंदर असतं, असं कुणी म्हणालं तर मान्य करू नकोस. सोसणाऱ्याला असं सांगणं निर्दयपणाचं आहे. वधस्तंभ हे रोमी सत्तेचं छळाचं साधन होतं, त्यात सुंदर काही नाही. सुंदर आहे ते त्यावर खिळलेलं, मारणाऱ्यांसाठी क्षमा मागणारं प्रेम. आणि योहानानं सांगितलेल्या येशूच्या चरित्रात, म्हणजे त्याच्या शुभवर्तमानाच्या 20व्या अध्यायात, मरणातून उठलेला प्रभू शिष्यांना हात आणि कूस दाखवतो, तेव्हा जखमा तशाच असतात. मृत्यूवर विजय मिळाला, पण त्या पुसल्या गेल्या नाहीत. देवाच्या सौंदर्याची व्याख्या कुणी केली, तर तिच्यात या जखमांना जागा आहे का ते आधी बघ.

सध्या व्याख्या बाजूला ठेव. मार्काचं शुभवर्तमान सावकाश वाच, काही न मागता. पहिल्याच अध्यायात येशू कुष्ठरोग्याला बरं करतो. नुसत्या शब्दानंही ते झालं असतं. तो हात पुढे करून त्याला स्पर्श करतो. तिथे जरा रेंगाळ, आणि काय दिसलं ते मला लिही.

तुझा,
एक वडीलधारा स्नेही