इंग्लंडमध्ये मुलीला इव्हेंटिंगसाठी (घोडेस्वारीची तीन प्रकारांची एकत्र स्पर्धा) पोनी घ्यायचाय; पैसे देण्याआधी काय बघावं?
आधी पोनीचा पासपोर्ट, म्हणजे त्याचं ओळखपत्र मागा, तिथे तो कायद्यानेच लागतो. उंची नालाशिवाय 148 सेंटिमीटरपर्यंतच हवी. विकणारा ड्रेसाजचं (ठरावीक चाली करून दाखवणं) कौतुक सांगेल, पण खरा कस क्रॉसकंट्रीत, म्हणजे मोकळ्या मैदानातले अडथळे ओलांडत धावण्यात लागतो. म्हणून पाण्यात आणि खंदकावर आधी त्यांचा स्वार बसू दे, मग तुमची मुलगी. पाण्याच्या काठाशी पोनी अडून बसला, तर विकत घ्यायची घाई नको.

पाच टप्प्यांची पशुवैद्यकीय तपासणी मात्र सोडू नकाच, आणि डॉक्टर तुमचा हवा, विकणाऱ्याचा नाही. त्यात घेतलेलं रक्त साधारण सहा महिने जपून ठेवतात. वेदनाशामक देऊन लंगडणं लपवलं असेल तर पुढे तेच तपासता येतं.

पोनींच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत मुलगी 16 वर्षांची होते ते वर्ष संपेपर्यंतच उतरता येतं. तेव्हा पुढे विकावा लागेल हे धरूनच भाव ठरवा.