जॅकवरची गाडी आणि अंगणातले गट्टू

प्रश्न : भाऊ, माझ्याकडे दहा वर्षं जुनी स्कॉर्पिओ आहे, टू व्हील ड्राइव्ह. पुढच्या आठवड्यात फॅमिली घेऊन पेंचला जायचंय, त्याआधी टायर रोटेशन (चाकांच्या जागा आपसात बदलणं) घरीच करून घ्यावं म्हणतो. जॅक गाडीसोबत आलेलाच आहे. अंगणात गट्टू (पेव्हर ब्लॉक) लावलेत, गेटजवळ उतार आहे. बाबा म्हणतात हात लावू नको, गाडी अंगावर येईल. खरंच एवढी भीती आहे का?
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : बाबा बरोबर बोलताहेत, पण काम घरी जमते. एवढंच पक्कं धरा की जॅक गाडी उचलायला असतो, धरून ठेवायला नाही. पावणेदोन-दोन टनाची गाडी आहे भाऊ.

आधी जमीन बघा. गेटजवळचा उतार तर अजिबात नको, गाडी आत सपाट जागेवर घ्या. गट्टूंखाली नुसती रेती असते आणि त्याखाली आपली काळी माती, जॅकचा सगळा भार एका गट्टूवर आला की तो दबतो आणि जॅक तिरपा होतो, म्हणून खाली फूटभर तरी रुंद, जाड फळी टाका. मी एकदा मे महिन्यात भर दुपारी डांबरी रोडच्या कडेला बोलेरो उचलली होती, पाच मिनिटांत जॅक डांबरात रुतला आणि गाडी हळूच कलली, काढलेलं चाक आडवं करून खाली सरकवलं होतं म्हणून ती त्याच्यावर टेकून थांबली. जॅक काढला तर डांबरात त्याच्या तळाचा चौकोनी ठसा, बोटभर खोल. तेव्हापासून सागाची फळी डिक्कीत असतेच.

मग हँडब्रेक ओढा आणि गिअर टाका, पण त्यावर भरवसा ठेवू नका. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. मागचं एक चाक हवेत गेलं की डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना इंजिनचा जोर वाटून देणारा भाग) त्याला मोकळं फिरू देते, म्हणजे गिअर जमिनीवरच्या चाकाला धरत नाही. म्हणून मागची बाजू उचलताना पुढच्या दोन्ही चाकांना मागून-पुढून लाकडी गुटके लावा, पुढची उचलताना मागच्यांना. वीट नको, फुटते.

नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा आटा सैल करायचे, हवेतल्या गाडीवर पान्याला झटके दिले की ती जॅकवरून सरकते. जॅक कुठे लावायचा त्याचं चित्र मॅन्युअलमध्ये असते, ते बघूनच लावा. फुटबोर्डखाली चुकूनही नको, तो पाय ठेवायला असतो आणि वाकतो. उचलली की लगेच घोडी (गाडी धरून ठेवणारा लोखंडी स्टँड) लावा, ३ टनाची जोडी एकदाच घेऊन ठेवा. गाडीखाली डोकं घालायचं नाही, पोरांना अंगणात फिरकू द्यायचं नाही.

आता रोटेशनची गंमत. स्टेपनी त्याच साइजची आणि हवा भरलेली असेल तर दोन चाकं एकदम उचलायची गरजच नाही. तुमची गाडी मागच्या चाकांवर ओढते, तर मागची चाकं सरळ पुढे आणि पुढची क्रॉस होऊन मागे. आधी मागचं डावं काढून तिथे स्टेपनी लावा, ते डावं पुढच्या डाव्या जागी, तिथून निघालेलं मागच्या उजव्या जागी, तिथलं पुढच्या उजव्या जागी, आणि शेवटचं स्टेपनी काढून मागच्या डाव्या जागी. पाचदा उचलावी लागते पण दरवेळी एकच कोपरा हवेत. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर मात्र क्रॉस करू नका, त्याच बाजूला पुढे-मागे करा.

नट हाताने बसवा, एक सोडून एक आवळा, आणि शेवटचा जोर गाडी खाली टेकल्यावरच द्या. पान्यावर उभं राहून नाचू नका, स्टड (नट ज्यावर बसतो तो बोल्ट) तुटतो. नवीन बसवलेले नट थोडं चालल्यावर सैल होऊ शकतात, तर पेंचला जाताना मनसरला चहाला थांबाल तेव्हा पाना काढून चारही चाकं एकदा तपासून घ्या.